निजायच्या खोलीतली झाडे

अधूनमधून एक निरोप फोनवर फिरत येतो. पूर्वी तो ई-मेलने यायचा, आता व्हॉट्सअॅपवर येतो. मजकूर मात्र तोच. रुंद हिरव्या पानांवर पांढरट-पिवळे शिंतोडे असलेल्या झाडाचे छायाचित्र आणि खाली इशारा, की हे पान तोंडात गेले तर लहान मूल एका मिनिटात दगावते, मोठे माणूस पंधरा मिनिटांत. त्या हाताने डोळा चोळला तर आंधळेपण. तेव्हा आजच्या आज उपटून टाका आणि चार जणांना कळवा. ते झाड म्हणजे डिफेनबेकिया. आपल्या भागात बँकेच्या दारापासून दवाखान्याच्या व्हरांड्यापर्यंत आणि अलीकडे निजायच्या खोलीच्या कोपऱ्यापर्यंत ते पोचले आहे. निरोप आला की दोन तऱ्हेची माणसे दिसतात. काही जण त्याच संध्याकाळी कुंडी कचऱ्याच्या गाडीत टाकतात. बाकीचे "काही होत नाही हो, वीस वर्षं घरात आहे" म्हणून हसतात. दोघांचेही अर्धेच बरोबर आहे.

मिनिटात मरण ही गोष्ट खोटी. पण ते पान चावले तर तोंडाची जी आग होते ती खरी, आणि ती ज्याच्या वाट्याला येते तो बहुधा दीड वर्षाचा असतो.

मी शिकवते मराठी. वनस्पतिशास्त्राशी माझा संबंध स्टाफरूममधल्या शेजारच्या खुर्चीपुरता. त्या खुर्चीवर बसणाऱ्या मॅडम धारवाडच्या. त्यांनी एकदा मला प्रयोगशाळेत नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली अळूच्या देठाचा पातळ काप दाखवला होता. काड्यापेटीतल्या काड्या बांधून ठेवाव्यात तसे बारीक सुयांचे जुडगे पेशीपेशीत दिसत होते. हे कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक. पान किंवा देठ चावला की त्या पेशी फुटतात आणि सुया जिभेत, गालाच्या आतल्या कातडीत, घशात रुततात. "मग डिफेनबेकियात वेगळं काय असतं?" मी विचारले. त्या म्हणाल्या, "फारसं नाही. केसू, सुवर्णगड्डे, मनीप्लांट, सगळी एकाच घरची माणसं." आणि खरेच, अळू, सुरण, डिफेनबेकिया, मनीप्लांट, फिलोडेंड्रॉन, सिंगोनियम, अॅग्लोनिमा, पीस लिली ही सगळी अळूच्याच कुळातली.

हे एकदा कळले की भीतीला माप मिळते, कारण अळूशी आपला व्यवहार पिढ्यान्‌पिढ्यांचा. मराठी घरात अळूचे फदफदे आणि वड्या, कानडी घरात केसूच्या पानांचे पत्रोडे. दोन्हीकडे चिंच, म्हणजे हुणसे, हवीच. पान भरपूर शिजवायचे, सुरण चिरताना हाताला तेल लावायचे, खाजऱ्या अळूचे पान घ्यायचेच नाही, हे सासूने सुनेला कुठल्याही भाषेत सांगितले तरी एकच आहे. कच्चट अळूने घसा कसा खवखवतो हे ज्याने एकदा सोसले त्याला डिफेनबेकिया समजावून सांगायला नको. जात तीच, तीव्रता जास्त. इंग्रजीत या झाडाला 'डम्ब केन' म्हणतात, म्हणजे मुके करणारी काठी, कारण जीभ सुजली की बोलता येत नाही. बिचाऱ्या डिफेनबाख यांचे नाव मात्र उगाच बदनाम झाले. ते व्हिएन्नाच्या शॉनब्रुन राजवाड्याच्या बागेतले मुख्य माळी होते, आणि त्यांच्या गौरवार्थ झाडाला हे नाव दिले गेले.

इथे एक गोष्ट बजावून सांगायला हवी. परसात भाजीचा अळू आणि शोभेचा अळू शेजारी शेजारी लावू नका. शोभेचा अळू चिंच घालून तासभर शिजवला तरी खायचा नसतो. गौरी-गणपतीच्या गडबडीत पाने खुडायला पाठवलेल्या पोराला हा फरक कळत नाही.

आता झाडांची वर्गवारी. ही परीक्षेसाठी नाही, कुंडी कुठे ठेवायची हे ठरवण्यासाठी आहे.

वर सांगितलेली अळूच्या कुळातली झाडे तोंड भाजतात. एक गोष्ट त्यांच्या बाजूची आहे: पहिल्याच चाव्याला इतकी आग होते की मूल थुंकते, रडते आणि दुसरा घास सहसा घेत नाही. म्हणून बहुतेक वेळा प्रकरण तोंडापुरते राहते आणि काही तासांत, फार तर दिवसा-दोन दिवसांत निवळते. क्वचित घसा सुजून श्वासाला त्रास होतो, आणि ती वेळ मात्र दवाखान्याची. स्नेक प्लांट, ज्याला इंग्रजीत गमतीने सासूची जीभ म्हणतात, तो वेगळ्या कुळातला. त्यात सॅपोनिन नावाचे फेसाळ द्रव्य असते. पान खाल्ले तर मळमळ, उलटी, जुलाब. कोरफडीच्या सालीलगतचा पिवळा चीकही रेचकच. क्राउन ऑफ थॉर्न्स म्हणून मिळणारे काटेरी झाड, पॉइन्सेटिया आणि कुंपणाचा शेर यांचा पांढरा चीक कातडीला आणि विशेषतः डोळ्याला वाईट. त्यात शेराचा सगळ्यांत जहाल.

इथवरची झाडे थोडी काळजी घेतली तर माणसाच्या शेजारी नांदतात. यापुढची मात्र निजायच्या खोलीत नकोतच. कण्हेर, ज्याला कानडीत कणगिले म्हणतो, आणि पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, यांचे विष थेट हृदयाच्या ठोक्यावर परिणाम करते. गॅलरीत हौसेने ठेवलेला अॅडेनियम, तो फुगीर बुंध्याचा 'वाळवंटी गुलाब', कण्हेरीच्याच कुळातला आहे. आफ्रिकेत त्याचा रस बाणांच्या टोकांना लावत असत. फुले सुंदर असतात यात शंका नाही, पण ती उशाशी नकोत. धोत्रा, एरंडाच्या बिया, आणि सोनाराच्या तराजूतून आता मुलांच्या खेळात आलेली गुंज, म्हणजे गुलगंजी, याही त्याच यादीतल्या. गुंजेची अख्खी बी गिळली तर पुष्कळदा तशीच बाहेर पडते. चावली किंवा भोक पाडून ओवलेली असली तर जीवघेणी ठरू शकते. गुंजेच्या माळा मुलांच्या हाती देऊ नयेत हे सांगताना मी मुळीच कचरत नाही.

मग निजायच्या खोलीत झाड ठेवायचेच कशाला, असे कोणी विचारील. लोक दोन कारणे सांगतात, दोन्ही जरा तपासून घेण्यासारखी. जुनी पिढी म्हणते, रात्री झाडे प्राणवायू ओढून घेतात, खोलीत ठेवू नये. झाडे रात्री श्वसन करतात हे खरे, पण दोन-चार कुंड्यांचा तो श्वास इतका अल्प असतो की त्याच खोलीत झोपलेले दुसरे माणूस त्याच्या कितीतरी पट हवा वापरते. त्याला कोणी बाहेर झोपायला सांगत नाही. नवी पिढी उलट सांगते, की स्नेक प्लांट रात्रभर प्राणवायू देतो आणि खोलीतली हवा शुद्ध करतो. यातली गंमत अशी, की स्नेक प्लांट रात्री पानांची छिद्रे उघडून कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवतो हे बरोबर. पण प्राणवायू तयार व्हायला उजेड लागतो, त्यामुळे ते काम दिवसाचेच. हवाशुद्धीची कीर्ती १९८९ साली अमेरिकेच्या नासा संस्थेने प्रसिद्ध केलेल्या प्रयोगापासून पसरली. तो प्रयोग लहान, बंद पेट्यांमध्ये केलेला होता. २०१९ साली फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी असे सगळे प्रयोग एकत्र तपासले आणि हिशेब मांडला, की घरात एरवी खेळणारी हवा जेवढे काम करते तेवढे करायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडे लागतील. एवढ्या कुंड्या मांडल्यावर पलंग कुठे ठेवायचा? त्यापेक्षा खिडकी उघडावी.

राहिले तिसरे कारण, जे लोक सहसा बोलून दाखवत नाहीत आणि मला तेच खरे वाटते. झाड आवडते. सकाळी डोळे उघडल्यावर नवे पान उलगडताना दिसले की बरे वाटते. आमच्या गल्लीत एक आजी आहेत, मूळच्या खानापूर तालुक्यातल्या. यजमान निवृत्त झाले तेव्हा सरकारी क्वार्टर्समधून त्यांनी तीन कुंड्या आणल्या: डिफेनबेकिया, मनीप्लांट आणि स्नेक प्लांट. यजमान गेले, कुंड्या त्यांच्या पलंगाच्या बाजूला राहिल्या. आजी रोज पाने ओल्या फडक्याने पुसतात आणि पुसता पुसता बोलतात, कोणाशी ते आपण विचारू नये. मुलगा-सून हुबळीहून बदली होऊन आले, बरोबर चौदा महिन्यांचा नातू. सून कानडी घरातली, शिकलेली, सासूचा मान राखणारी. तिच्या फोनवर तो मिनिटात मरणाचा निरोप आला आणि ती घाबरली. "अत्ती, ई गिडा मन्याग ब्याड्री," एवढेच ती म्हणाली. आजींनी उत्तर दिले नाही, पण त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

भांडण झाडाचे नव्हतेच म्हणा. एकीला नातवाची... नव्हे, आपल्या लेकराची भीती, दुसरीला पलंगाशेजारची रिकामी जागा दिसत होती. मुलगा दोन्हींच्या मध्ये. शेवटी आमच्या धारवाडच्या मॅडमना चहाला बोलावले गेले. त्या कानडीत सुनेशी आणि मराठीत आजींशी बोलल्या, आणि दोघींना एकच सांगितले. डिफेनबेकियाची रसाळ खोडे आणि खालची पाने रांगत्या मुलाच्या अगदी तोंडाशी येतात, म्हणून ती कुंडी पोर चार वर्षांचे होईपर्यंत जिन्याच्या वरच्या गच्चीत. स्नेक प्लांट जड कुंडीत, उंच आणि भिंतीला टेकलेल्या कपाटावर. मनीप्लांटच्या लोंबत्या वेली कापून कुंडीच्या काठापर्यंत आणायच्या. पलंगाशेजारच्या मोकळ्या जागी स्पायडर प्लांटची एक कुंडी आली, जी विषारी नाही आणि आपल्या हवेत वाटेल तशी वाढते. आजी आता सकाळी गच्चीत जाऊन डिफेनबेकिया पुसतात. गुडघे दुखतात म्हणून कुरकुरतात, पण जातात.

त्या लोंबत्या वेलींकडे लोकांचे लक्ष जात नाही. कुंडी कपाटावर सहा फुटांवर असते, घरच्यांना वाटते झाले काम. आणि वेल मात्र पाळण्याच्या कठड्यापर्यंत उतरलेली असते. मुलाने ओढली तर पान तोंडात जाईल ते वेगळे, आधी ओल्या मातीची कुंडी डोक्यावर येईल. याच कारणाने पलंगाच्या बरोबर वर टांगलेली कुंडी मला कधीच पटत नाही, झाड कितीही निर्विष असो. गळलेले पान त्याच दिवशी उचलावे. रांगणाऱ्या मुलाला फरशीवरचे पान आकाशातून पडलेल्या लाडूसारखे असते.

मुलांइतकीच, किंबहुना अधिक, काळजी म्हाताऱ्यांची. मनीप्लांटचे पान नीट पाहा: हृदयाकृती, हिरवेगार, तकतकीत. नागवेलीच्या पानाशी, आपल्या वीळ्यदेलेशी, त्याचे किती साम्य आहे! ज्या आजीने साठ वर्षे जेवणानंतर पान खाल्ले, जिची दृष्टी अधू झाली आहे आणि स्मृतीने दगा द्यायला सुरुवात केली आहे, तिच्या उशाशी मनीप्लांट ठेवणे म्हणजे तिच्या हाताला चकवणे आहे. चुन्याची डबी आणि हे पान एका टेबलावर नको. औषधाच्या गोळ्या आणि रात्रीचे पाणी जिथे असते त्या स्टुलावर तर कुठलेच झाड नको. चाचपडणारा हात काय उचलील सांगता येत नाही. अशा खोलीसाठी स्पायडर प्लांट, नेचे, अरेका पाम, पेपरोमिया, आफ्रिकन व्हायोलेट यांतले काही निवडावे. घरात मांजर असेल तर आणखी एक: पुष्पगुच्छातून येणारी खरी लिली खोलीत आणू नये. तिचे पान, फूल, नुसता परागही मांजराची मूत्रपिंडे निकामी करू शकतो. पीस लिली ही नावाचीच लिली. तिने तोंड पोळेल, एवढेच.

मनीप्लांटच्या बाबतीत माझे मत विचाराल तर त्याच्या पानापेक्षा त्याची बाटली जास्त धोक्याची आहे. काचेच्या बाटलीत पाण्यात ठेवलेली वेल छान दिसते, आणि तिच्यात डेंग्यूचा एडिस डास सुखाने अंडी घालतो. अंड्यापासून उडता डास व्हायला आपल्या हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून पाणी आठवड्यातून एकदा बदललेच पाहिजे, आणि नुसते ओतून चालत नाही. अंडी काचेच्या आतल्या भिंतीला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. बाटली आतून ब्रशने घासावी. कुंडीखालच्या बशीचेही तेच. याहून सोपे म्हणजे वेल मातीत लावावी. मनीप्लांट पाण्यातच ठेवला तर पैसा टिकतो असे सांगणारे भेटतात. ही वेल मूळची प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटावरची, तिला आपल्या वास्तुशास्त्राची वार्ता असण्याचे कारण नाही. आणि काहीही झाले तरी सरबताच्या वा कोल्ड्रिंकच्या बाटलीत वेल ठेवू नका. मूल बाटली ओळखते, आतले पाणी ओळखत नाही.

दुसरा धोका आपल्या शेतकरी घरांचा. कुंडीतल्या झाडाला पिठ्या ढेकूण लागला की शेतावरून औषध आणून खोलीतल्या कुंडीवर मारायचे. उसासाठी, भातासाठी आणलेले कीटकनाशक बंद खोलीत, गादीपासून दोन हातांवर! असल्या एका फवाऱ्यापुढे डिफेनबेकियाचे सगळे पान साधुसंत म्हणावे लागेल. पिठ्या ढेकूण ओल्या कापसाने पुसून निघतो, राहिलेल्याला साबणाचे पातळ पाणी पुरते, तेही कुंडी बाहेर नेऊन. दाणेदार औषध मातीत पुरण्याचे तर नावच नको. मुले माती उकरतात.

आपल्याकडे आणि त्याहून खानापूरकडे जून ते सप्टेंबर हवेला जी ओल असते तिच्यात कुंडीतली माती वाळत नाही, वर पांढरी बुरशी धरते. घरात दम्याचे कोणी असेल तर या चार महिन्यांत खोलीतल्या कुंड्या पडवीत नेणे चांगले. बाकीच्यांनी बोट मातीत खुपसून पाहावे. कोरडे लागले तरच पाणी.

इतके करूनही कधी पान चावले गेलेच, तर घाबरून उलट्या काढायला जाऊ नका. मिठाचे पाणी पाजणे, घशात बोटे घालणे हे आपल्याकडचे ठरलेले उपाय इथे घात करतात, कारण वर येताना तेच द्रव्य घसा दुसऱ्यांदा जाळते. तोंडातले तुकडे ओल्या फडक्याने काढावेत, तोंड पाण्याने धुवावे, थंड दूध किंवा पाणी थोडे थोडे द्यावे. मग मुलाकडे लक्ष ठेवावे. ओठ-जीभ सुजत चालली, लाळ गळू लागली, आवाज घोगरा झाला, गिळता येईना, श्वासाचा आवाज येऊ लागला, तर एक क्षण न दवडता दवाखाना. गाडी नसेल तर १०८. चीक डोळ्यात गेला तर नळाच्या संथ धारेखाली पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवावा, चोळू नये, आणि मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे. कण्हेर, बिट्टी, अॅडेनियम, धोत्रा, एरंड, गुंज यांपैकी काही पोटात गेल्याचा संशय जरी आला तरी मूल हसत-खेळत आहे म्हणून थांबू नये. दिल्लीच्या एम्स रुग्णालयात राष्ट्रीय विषमाहिती केंद्र आहे. १८०० ११६ ११७ हा त्यांचा क्रमांक, पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालतो. डॉक्टरकडे जाताना चावलेले पान किंवा फांदी पिशवीत घालून बरोबर न्या.

आता सर्वांत अवघड भाग, झाडाचे नाव. दवाखान्यात "काय खाल्लं?" म्हणून विचारले की आपण सांगतो, "ते हिरवं शोचं झाड हो." डॉक्टरांनी त्यातून काय समजावे? एकाच झाडाला रोपवाटिकेत एक नाव, आपल्या घरात दुसरे, सुनेच्या माहेरी तिसरे. म्हणून कुंडीच्या बाहेरून खडूने किंवा रंगाने नाव लिहून ठेवा, इंग्रजी अक्षरांतले रोपवाटिकेतले नाव असले तरी चालेल, खाली मराठीत आणि कानडीत. झाडाची छाटणी करताना हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हाताला चढवा, कात्री धुवा, हात साबणाने धुवा. आणि छाटलेली फांदी शेजारणीला द्यायचा मोह कोणाला आवरतो? आपल्या गावातली निम्मी झाडे अशीच वर्तमानपत्रात गुंडाळून या घरातून त्या घरात गेली आहेत. जरूर द्या. फक्त त्या कागदावर पेनाने झाडाचे नाव लिहा, आणि शेजारणीच्या घरी रांगते मूल असेल तर तिला दारातच सांगा, हे खायचं नाही, तिन्नबारदु.